न झालेल्या सामन्याचा निरोप

त्या दिवशी आबादानात सामना झालाच नाही. दुपारपासून इराकच्या बाजूने धूळ उतरायला लागली आणि बघता बघता आकाश विटकरी झालं. पंच बराच वेळ थांबून राहिले. शेवटी मैदानाच्या मधून एकही गोलपोस्ट दिसेना, तेव्हा त्यांनी दोन्ही कप्तानांना बोलावलं आणि खेळ परवावर ढकलला. लोक तोंडाला फडकी बांधून, धुळीला, पंचांना आणि तेहरानात बसलेल्या सगळ्या साहेबांना शिव्या घालत घरी गेले. नख्ल क्लबचा मधल्या फळीतला खेळाडू बेहरंग दश्तीपूर आपल्या खोलीवर आला, आंघोळ करून, नाकाकानातली माती काढून पलंगावर बसला, तेवढ्यात फोनवर आईचा निरोप आला.

"बेहरंग, आईच्या जिवा, पाहिला रे सामना! सगळाच्या सगळा पाहिला. काय पळलास! त्या पायांवरून ओवाळून टाकावं मला कोणी. जिंकणं-हरणं देवाच्या हातात, मनाला लावून घेऊ नकोस. आता ओल्या केसांनी पंख्याखाली बसू नकोस आणि काहीतरी गरम खा."

त्याचे केस खरंच ओले होते आणि पंखाही चालू होता. तो हसत हसत पंखा बंद करायला उठला, आणि बटणापर्यंत गेलेला हात तसाच राहिला. कुठला सामना पाहिला हिने?

आईच्या सवयी त्याला पाठ होत्या. थापा मारण्यात आबादानी माणसाचा हात कोणी धरत नाही, आणि मनीजे तर आबादानात जन्मलेली, रिफायनरीच्या वसाहतीत वाढलेली. आम्ही लोक आपल्या गावाला इराणचं ब्राझील म्हणतो आणि म्हणताना डोळ्यांवरचा काळा चष्मासुद्धा काढत नाही. पण मनीजेने फुटबॉलच्या बाबतीत कधी थाप मारली नव्हती. ती नसलेल्या सामन्याचं कौतुक करील हे त्याच्या डोक्यात बसेना. त्याने निरोप पुन्हा ऐकला. आवाज तिचाच होता, थोडा बसलेला. घसा बिघडलाय, असं ती गेले काही आठवडे सांगतच होती.

बेहरंग या गावात जन्मला तेव्हा युद्ध संपून फार वर्षं झाली नव्हती. भिंतींना भोकं होती आणि परतलेली माणसं त्यांवर कॅलेंडरं टांगत होती. बाप नोझर रिफायनरीच्या बोटीवर होता. बेहरंग चार वर्षांचा असताना अरवंद नदीत ती बोट उलटली आणि नोझर परत आला नाही. पोराला कोणी सांगितलं नाही. बाबा खार्ग बेटावर कामाला गेलेत, असं सांगितलं. पुढे मनीजे त्याला घेऊन स्वीडनला, गोथेनबर्गला, आपल्या थोरल्या बहिणीकडे गेली, तरी बाबा खार्गवरच होते. दर वाढदिवसाला खार्गहून चेंडू यायचा. आठव्या वर्षी शाळेतल्या एका इराणी पोराने भांडणात त्याला खरं काय ते सांगून टाकलं. त्या दिवशी बेहरंगने घरी येऊन चेंडू कात्रीने फाडले आणि आईला म्हणाला, "यापुढे मला सांगायचं. काहीही झालं तरी सांगायचं. शपथ घे."

मनीजेने हात डोळ्यांवर ठेवला. "चश्म," ती म्हणाली. आमच्याकडे असं डोळ्यांवर हात ठेवून म्हटलं की तो शब्द पाळायचा असतो.

गोथेनबर्गला ती एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिथले डॉक्टर म्हाताऱ्यांना तोंडावर सांगायचे की तुमचे आता एवढेच महिने राहिलेत, आणि ते म्हातारे मान हलवून कॉफी प्यायचे. हे पाहून ती घरी येऊन थरथरायची. "तोंडावर सांगतात ग शहला, तोंडावर! यांना काळीज दिलंय की नाही देवाने?" शहला, तिची बहीण, म्हणायची, "इथली रीतच तशी." मनीजे म्हणायची, "आग लागो असल्या रीतीला."

पोरगं मात्र त्या रीतीत वाढलं. बर्फ खरवडून काढलेल्या मैदानावर चेंडू खेळायला शिकलं. स्वीडिश आईबाप मैदानाच्या कडेला गप्प उभे राहायचे, मनीजे लांब कोट घालून, चहाचा थर्मास काखेत धरून ओरडायची. "डावीकडे बघ! डावीकडे! डोळे घरी ठेवून आलास का?" प्रशिक्षकाने तिला एकदा शांत राहायची विनंती केली. तिने त्याला चहा पाजला, खजुराची वडी दिली आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा ओरडली. त्याने हात टेकले.

बेहरंग काही तारा-बिरा झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याचं काम बचावफळीच्या पुढे उभं राहायचं, समोरच्याच्या पायातला चेंडू काढून घ्यायचा आणि जवळच्या आपल्या माणसाला द्यायचा. असा खेळाडू संघात असला की कोणी बघत नाही आणि नसला की सगळं गळायला लागतं. स्वीडनच्या दुसऱ्या श्रेणीत तो बरीच वर्षं खेळला. एकदा पहिल्या श्रेणीतल्या क्लबने उचलला, तिथे हंगामभर बाकावर बसून त्याने फक्त जॅकेट झिजवलं. मग गुडघा गेला. मग नॉर्वेतल्या एका मासळी-बंदराच्या संघात एक वर्ष, सायप्रसमध्ये अर्धं. प्रत्येक सामन्यानंतर आईचा फोन ठरलेला, आणि फोनवर कौतुक नसायचंच. "चाळिसाव्या मिनिटाला तो चेंडू मागे का दिलास? पुढे तुझा माणूस मोकळा उभा होता, हात वर करून! मी इथे सोफ्यावर बसून बघते, तुला तिथे दिसत नाही?"

अठ्ठावीस-एकोणतिशीला आला तेव्हा नख्ल क्लबचा निरोप आला. जन्मगावचा संघ, पिवळा शर्ट. तो जावं की नाही अशा विचारात होता. मनीजेने दोन दिवसांत त्याची बॅग भरली.

"तू पण चल," तो म्हणाला.

"मला बाईमाणसाला तिथे स्टेडियममध्ये कोण सोडतंय? लहानपणी आम्ही पोरी वसाहतीच्या पाण्याच्या टाकीवर चढून सामने बघायचो. आता टाकीवर चढायचं वय राहिलंय का माझं? तू खेळ. हंगाम संपला की येते."

आबादानात आल्यावर पहिल्याच दिवशी संघ पोट धरून हसला. बेहरंगची फारसी आईकडून आलेली होती, फक्त आईकडून. सहा फूट उंचीचा, दाढीवाला माणूस ड्रेसिंग रूममध्ये तोंड उघडायचा आणि बोलायचा मात्र पन्नाशीच्या मावशीसारखा. कप्तान जब्बारने पाण्याची बाटली दिली, तर हा म्हणाला, "हात दुखायला नकोत रे तुझे, म्हातारा हो, नातवंडं बघ."

"वुलेक," जब्बार म्हणाला, म्हणजे आमच्याकडचं 'अरे पोरा', "क्लबने मिडफिल्डर आणलाय की माझी सासू?"

प्रेक्षकांनी तर त्याला सोडलंच नाही. आमच्या लोकांना चेंडू पायात घेऊन तिघांना चकवणारा लागतो, मग चौथ्याने चेंडू काढून घेतला तरी चालतो. हा बापडा आडवा पास द्यायचा, मागे द्यायचा. पिवळ्या गॅलरीतून आरोळी यायची, "ए सुएदी, स्वीडनवाल्या! पुढेपण माणसं राहतात रे!" कोणी ओरडायचं, "त्याला सांगा कोणीतरी, आबादान समोर आहे, स्वीडन मागे!" पण हळूहळू संघ कमी गोल खायला लागला, तशी शिव्यांतली धार कमी झाली. प्रेमाने मात्र अजून कोणी हाक मारली नव्हती, आणि त्याला ती हवी होती. जिथे जन्मलो तिथल्या लोकांनी एकदा आपलं म्हणावं, एवढंच. हे त्याने आईशिवाय कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

हंगामाच्या अखेरीला नख्ल तळाला घसरला. परवाचा राहिलेला सामना जिंकला तर पहिल्या श्रेणीत टिकणार, नाहीतर खाली. सगळं गाव त्याच चिंतेत होतं. आणि याच दिवसांत आईने तोंड दाखवणं बंद केलं होतं. फोनचा कॅमेरा बिघडलाय म्हणे. मग घसा बसला म्हणून बोलणंही बंद झालं, नुसते बोलके निरोप यायला लागले. त्या निरोपांत 'डावीकडे का दिलास' नव्हतं. 'हात वर करून उभा होता' नव्हतं. सगळं गोड गोड. बेहरंगला वाटलं, आई म्हातारी व्हायला लागली, मऊ झाली. त्याला ते जरा आवडलंही होतं.

आता पलंगावर बसून त्याने ते सगळे निरोप एकामागोमाग ऐकले. जिंकलास तरी, हरलास तरी. पळलास छान. गरम खा. कुठल्याही सामन्याला चालेल असं बोलणं. एकाही निरोपात समोरच्या संघाचं नाव नव्हतं, एका गोलचा उल्लेख नव्हता.

त्याने आईला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. मग शहला खालाला, म्हणजे मावशीला, लावला.

"आई कुठे आहे?"

"झोपलीये रे जान. औषधाने झोप येते तिला."

"आत्ता तर निरोप आला तिचा."

"हो हो, पाठवला आणि लगेच झोपली."

"खाला, आजचा सामना बघितला तुम्ही दोघींनी?"

"बघितला की! माशाल्लाह, काय खेळलास."

"किती झाले गोल?"

शहलाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आयुष्यभर तिने त्याला 'चेंडूची मारामारी' म्हटलं होतं. "जिंकलात ना रे," ती दबकत म्हणाली.

"खाला, आज सामना झाला नाही. धूळ आली. आम्ही चेंडूला पायसुद्धा लावला नाही."

पलीकडून शहला खालाच्या तोंडून असा आवाज आला की त्याने फोन कानापासून लांब धरला. ती रडत नव्हती, तोंडावर हात दाबून किंचाळत होती. "मला काय ठाऊक धूळ येईल ते!" एवढंच त्याला कळलं. "तारखा बघून पाठवत होते रे, तिने सांगितलं तसंच पाठवत होते..." आणि फोन कट झाला.

बेहरंग चपला न घालताच खाली उतरला.

जमशीद दायी त्याचा मामा, मनीजेचा धाकटा भाऊ. बाजाराच्या तोंडाशी त्याचं सांबुसे तळायचं दुकान होतं. सांबुसे म्हणजे आपला समोसाच, फक्त आमचा तिखटाने डोळ्यांत पाणी आणतो. धुळीमुळे गिऱ्हाईक नव्हतं. जमशीद परातीत तळलेले सांबुसे रचत होता. भाच्याचे अनवाणी, मातीने भरलेले पाय त्याने पाहिले, मग तोंड पाहिलं, आणि झारा खाली ठेवला.

"शहलाने सांगितलं?" त्याने विचारलं.

"कोणी काही सांगितलं नाही. तू सांग."

सगळ्या बाजाराला बोलण्यात गुंडाळणाऱ्या जमशीदने कढईखालची आच बंद केली. मग तो म्हणाला, "गेली रे आपली मनीजे."

"कधी?"

"त्या मागच्या घरच्या सामन्याच्या आदल्या दिवशी. पोटात गाठ होती. नवरोजच्या आधीच कळलं होतं तिला."

नवरोज, आमचं वसंतातलं नवं वर्ष, होऊन फुलांचा मोसमसुद्धा सरला होता. बेहरंग दुकानाच्या फळीला धरून उभा राहिला. नवरोजला तो तिच्याशी बोलला होता. तिने त्याला 'केस कापून घे' म्हणून सुनावलं होतं. तेव्हा तिला माहीत होतं.

"म्हणजे मला जाता आलं असतं," तो म्हणाला. "विमानाने. तिचा हात धरायला. महिना दीड महिना होता माझ्याजवळ."

"तिनेच तोंड शिवलं आमचं. म्हणाली, पोरगं परमुलखात एकटं आहे, त्याला सांगायचं नाही."

"परमुलखात? मी? मी आबादानात आहे! माझ्या गावात!"

"ते तिलाही कळत होतं रे. पण तू तिच्यापासून लांब होतास ना, मग तिच्या लेखी परमुलूखच. तिथे इस्पितळाच्या पलंगावर बसून आवाज होता तोवर सगळं बोलून ठेवलं तिने, हंगाम संपेपर्यंतचं. प्रत्येक सामन्याला एक. शहलाला म्हणाली, शेवटच्या सामन्यानंतर सांग, आधी नाही."

"मला तिने शब्द दिला होता, दायी. डोळ्यांवर हात ठेवून."



बेहरंगच्या डोक्यात आता एक एक गोष्ट उलटी फिरायला लागली. मागचा घरचा सामना. दोन्ही संघ रांगेत उभे असताना लाउडस्पीकरवरून सांगितलं होतं, 'आपल्या क्लबच्या कुटुंबातल्या दिवंगत व्यक्तीसाठी सर्वांनी उभं राहून फातेहा वाचावा.' मृतासाठीच्या त्या प्रार्थनेला सगळं स्टेडियम उठलं होतं. एरवी शिट्ट्या आणि शेंगांच्या टरफलांशिवाय ज्या गॅलरीला काही सुचत नाही, ती गॅलरी हात पुढे करून ओठ हलवत उभी होती. त्याने शेजारच्या जब्बारला हळूच विचारलं होतं, "कोण गेलं?"

"जुना माणूस होता एक क्लबचा," जब्बार समोर बघत म्हणाला होता. "तू वाच."

आणि बेहरंगने फातेहा वाचला होता का? नाही. सुरुवातीचे शब्द पुटपुटला आणि मग वाकून बुटाची नाडी बांधत बसला.

"दायी," तो म्हणाला, "तो फातेहा... त्या दिवशी मैदानावर..."

जमशीदने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"गावच आहे रे हे. इथे कोणाला काय कळत नाही?"

"सगळ्या गॅलरीला?"

"सगळ्या."

हजारो माणसं. तो पेपरवाला, तो क्लबचा माळी, तो 'स्वीडन मागे' म्हणणारा भसाड्या आवाजाचा टॅक्सीवाला. सगळे त्याच्या आईसाठी उभे राहिले होते आणि एकटा तो नाडी बांधत होता. त्या दिवशी त्याने मागे दिलेल्या पासलासुद्धा टाळ्या पडल्या होत्या. 'बेहरंग, बेहरंग' अशी नावाने हाक पहिल्यांदा उठली होती. सामना संपल्यावर त्याने खोलीवर येऊन आईला निरोप पाठवला होता: 'आई, आज त्यांनी मला आपलं म्हटलं!' तो निरोप कोणी ऐकला? शहला खालाने, मेलेल्या बहिणीचा फोन मांडीवर घेऊन.

त्याने सांबुशांची परात उचलली आणि रस्त्यावर भिरकावली. ती गडगडत नालीपर्यंत गेली. जमशीद जागचा हलला नाही. "मार," तो म्हणाला. "मलापण मार, मोकळा हो."

"तुम्ही माणसं आहात का कोण आहात?" बेहरंग ओरडला. आवाज चिरकला. रागातही शब्द आईचेच येत होते, तिचीच बायकी आबादानी फारसी, आणि त्याने तो आणखी चिडला. "आग लागो तुमच्या रीतीला! मला आईला मूठभर माती देऊ दिली नाहीत! आणि टाळ्या वाजवल्यात! मी चाललो. आज मिळेल त्या विमानाने. परवा तुमचा सामना तुमच्या टाळ्यांनाच खेळू दे."

"जा," जमशीद म्हणाला. "जब्बारही म्हणत होता, कळलं तर त्याला थांबवू नका. क्लब खाली गेला तर जाऊ दे. पण जान, एक ऐक. बाबा हाजीला काही बोलू नकोस. त्याला माहीत नाही. त्याचं हृदय केवढंसं राहिलंय, लेक गेली म्हटलं की तो जागच्या जागी जाईल."

बाबा हाजी म्हणजे मनीजेचा बाप, बेहरंगचा आजोबा. जुन्या वसाहतीत एकटा राहायचा, दुपारचं जेवण जमशीदच्या घरून जायचं. बेहरंग दर आठवड्याला एकदा त्याच्याकडे जाऊन जेवायचा.

"म्हणजे त्यालाही फसवताय?" बेहरंगला हसू फुटलं, वाईट हसू. "बापालाच? बास झालं आता. मी सांगतो त्याला. या गावात एका तरी माणसाला खरं कळू दे. त्याची लेक आहे, त्याला रडायचा हक्क आहे."

"बेहरंग!"

तो थांबला नाही. धूळ आता खाली बसायला लागली होती, झावळ्यांवर, गाड्यांवर, त्याच्या ओल्या केसांवर. वाटेत दोघातिघांनी सलाम केला, त्याने एकालाही उत्तर दिलं नाही. त्यांनी हात छातीवर ठेवून मान झुकवली होती. असा सलाम ते गेल्या घरच्या सामन्यापासून करत होते, आणि हा त्याला मान समजत होता. लाज आणि संताप यांनी त्याचे कान तापले. काय सांगायचं ते त्याने चालता चालता ठरवून टाकलं. आडवळण नको. बाबा हाजी, मनीजे वारली. एवढंच. गोथेनबर्गच्या डॉक्टरांसारखं, तोंडावर.

दार उघडंच होतं. म्हातारा सतरंजीवर बसला होता, समोर ताटात भात आणि चिंचेच्या रश्शातली मासळी, वर झाकण. त्याने नातवाचे पाय पाहिले आणि काही विचारलं नाही.

"ये, बस. सामना झाला नाही म्हणे?"

"नाही झाला." बेहरंग उभाच राहिला. "बाबा हाजी, मला तुम्हाला काहीतरी..."

"आधी बस. उभ्याने बोलायची मला सवय नाही." म्हाताऱ्याने ताटावरचं झाकण काढलं आणि मासळीचा मोठा तुकडा भातावर त्याच्या बाजूला सरकवला. "तुला सांगायचं राहिलं. मनीजेचा फोन आला होता."



"कधी?"

"सकाळीच. चांगला बराच वेळ बोलली. बरी आहे. घसा बसलाय जरा, तिकडची थंडी. म्हणाली, बेहरंगला सांगा, काळजी करू नकोस, खेळाकडे लक्ष दे." म्हातारा एका दमात बोलत होता, पाठ केल्यासारखं. नजर ताटात होती. "कॅमेरा नीट करून घेणार आहे म्हणाली."

बेहरंगने त्याच्याकडे नीट पाहिलं. पांढऱ्या लांब अंगरख्याच्या गळ्यातून आतल्या सदऱ्याची कड दिसत होती. काळी. आमच्याकडे घरचं माणूस गेलं की चाळीस दिवस अंगावरून काळं उतरत नाही, आणि म्हाताऱ्याने ते घातलं होतं, पण नातवाला दिसू नये म्हणून आत घातलं होतं. डोळे सुजून बारीक झाले होते. त्याला सगळं माहीत होतं. कोणी सांगितलं देव जाणे, बापाला सांगावं लागत नसेल. ज्याच्या हृदयाला जपायला म्हणून जमशीद त्याच्यापासून लपवत होता, तो म्हातारा जमशीदपासून लपवत होता की आपल्याला कळलंय, आणि आता लेकीचं मरण गिळून नातवाला जपत बसला होता. पोराने परवा सामना खेळावा, म्हणून.

बेहरंगच्या तोंडात ते वाक्य तयार होतं. वाटभर घोकलेलं, चार शब्दांचं. त्याने तोंड उघडलं. म्हाताऱ्याने मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात नुसती विनवणी होती.

तो खाली बसला.

"हो," तो म्हणाला. "माझ्याशीपण बोलली, बाबा हाजी. दुपारी."



"काय म्हणत होती?" म्हाताऱ्याने अगदी हळू विचारलं.

"म्हणाली, बाबांना सांग, हृदयाची गोळी चुकवू नका. आणि रात्री एकटे झोपू नका, जमशीदला बोलावून घ्या."

बाबा हाजीने मान हलवली. मग त्याने भाताचा घास केला आणि तो स्वतः न खाता नातवाच्या पुढे धरला.

"घेतो म्हणावं तिला," तो म्हणाला. "रोज घेतो म्हणावं."